यॉर्कमध्ये खरेदीसाठी कुठे जावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात शिकतो आहे आणि आपण दोघे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून त्याला भेटायला येत आहात. हाताशी शनिवार आणि रविवार असे दोनच दिवस आहेत आणि सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. सुमारे ३०० पौंडांत नातेवाइकांसाठी वीसेक भेटी, मुलासाठी थंडीचा कोट आणि घरासाठी ‘यॉर्कची म्हणून काहीतरी एक वस्तू’ घ्यायची आहे, तर कोणत्या बाजारात जावे, असे आपण विचारले आहे. मी सतरा वर्षे या शहरात राहते. त्यातली नऊ वर्षे जुन्या शहरातल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात विक्रीचे काम केले आणि आता पाहुण्यांना पायी शहर दाखवते, त्यामुळे जे लिहिते आहे ते दुकानाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे.

आपण विचारले आहे ‘कुठे’, पण खरी अडचण वेगळी आहे असे मला वाटते. आपल्या यादीत तीन निराळ्या खरेद्या एकत्र आल्या आहेत: वाटायच्या भेटी, वापरायची वस्तू आणि जपून ठेवायची वस्तू. या तिन्हींच्या जागा यॉर्कमध्ये वेगवेगळ्या आहेत. बहुतेक पाहुणे पहिल्या सकाळी सर्वांत प्रसिद्ध गल्लीत शिरतात, तिथे दिसेल ते घेतात आणि दुपारपर्यंत निम्मे पैसे चुंबक, चाव्यांचे गोफ आणि छापील कप यांत संपवतात. नंतर खरोखर इथली वस्तू समोर येते तेव्हा हात आखडता घ्यावा लागतो. हे मी विक्रेती म्हणून इतक्या वेळा पाहिले आहे की माझा पहिला सल्ला नेहमी हाच असतो: पहिल्या दोन तासांत फक्त बघा, घेऊ नका.

वेळेची गोष्ट आधी सांगते, कारण आपल्याकडच्या सवयीने येणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. आपला बाजार संध्याकाळी फुलतो, तर यॉर्कमधली बहुतेक दुकाने सकाळी साडेनऊ-दहाला उघडतात आणि साडेपाचच्या सुमारास बंद होतात. जेवून, विश्रांती घेऊन चारला बाहेर पडणाऱ्यांच्या हाती फार थोडा वेळ उरतो. रविवारी तर कायद्याचाच अडसर आहे. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याप्रमाणे २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत सलग सहा तासच उघडे राहता येते. बरीच मोठी दुकाने अकरा ते पाच ही वेळ धरतात. छोट्या दुकानांना हे बंधन नाही, पण तीही पाचच्या आसपास आवरतात. म्हणून मोठ्या दुकानांतली कामे शनिवारी उरकावीत आणि छोट्या दुकानांसाठी रविवारची सकाळ ठेवावी.

शहराच्या नावांबद्दलही एक खुलासा करते, म्हणजे नकाशा वाचताना गोंधळ होणार नाही. स्टोनगेट, फॉसगेट, गुड्रमगेट, मिकलगेट अशी नावे ऐकून लोक वेस शोधत फिरतात. हा ‘गेट’ व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला असून त्याचा अर्थ ‘रस्ता’ असा आहे. तटबंदीच्या खऱ्या वेशींना इथे ‘बार’ म्हणतात, उदाहरणार्थ बूदम बार किंवा मंक बार. तटाच्या आतले जुने शहर लहान आणि बरेचसे सपाट आहे, मुख्य भागात दिवसा वाहनांना बंदी असते आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वीसेक मिनिटांत चालत जाता येते. गुडघ्यांच्या दृष्टीने त्रास चढाचा नाही, ओबडधोबड दगडी फरशीचा आहे. पार्लमेंट स्ट्रीट रुंद आणि गुळगुळीत आहे, तिथे बसायला बाके आहेत, म्हणून सौभाग्यवतींसाठी तीच आपली मधली चावडी समजा आणि तिथून एकेका गल्लीत जाऊन परत या.

आता त्या प्रसिद्ध गल्लीविषयी. शॅम्बल्स ही खाटकांची गल्ली होती. १०८६ च्या डोम्सडे नोंदींत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, तिचा उल्लेख सापडतो, आणि तिचे नाव मांस मांडण्याच्या फळ्यांवरून पडले. १८७२ मध्येही तिथे खाटकांची २५ दुकाने होती, आज एकही नाही. वरचे मजले एकमेकांकडे इतके झुकले आहेत की खाली ऊन जेमतेम पोहोचते, आणि मांस टिकवण्यासाठी ते सोयीचेच होते. काही दुकानांच्या दर्शनी खिडकीखाली रुंद फळी आणि वर लोखंडी आकडे अजून दिसतात, ते मुद्दाम बघा. मात्र खरेदीच्या दृष्टीने ही गल्ली आता गोड वड्या, जादूच्या कांड्या आणि भेटवस्तू यांची झाली आहे. तिथे चांगली दुकाने नाहीत असे नाही, पण गल्लीला लागून, तिच्यात आणि पार्लमेंट स्ट्रीटमध्ये, रोज भरणारा शॅम्बल्स मार्केट नावाचा उघडा बाजार आहे आणि मी पाहुण्यांना आधी तिकडे नेते. तिथे भाजीपासून हाताने केलेल्या साबणापर्यंत छोटे विक्रेते असतात, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या असतात आणि माल कोणी केला हे समोरच्या माणसाला थेट विचारता येते. शॅम्बल्स सकाळी दहाच्या आधी बघून घ्या, अकरानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

वाटायच्या वीस भेटींसाठी माझे उत्तर खाण्याच्या वस्तू हे आहे. त्या हलक्या असतात, वाटून संपतात आणि यॉर्कच्या बाबतीत त्यांच्यामागे खरा इतिहास आहे. हे शहर दीडशेहून अधिक वर्षे चॉकलेटवर जगले. टेरी कंपनीची मुळे १७६७ पर्यंत जातात, तर राउनट्री कुटुंबाने १८६२ मध्ये कोकोचा धंदा हाती घेतला. आज आपण किटकॅट म्हणून ओळखतो ती वडी १९३५ मध्ये राउनट्रीने यॉर्कमध्ये ‘चॉकलेट क्रिस्प’ या नावाने बाजारात आणली. १९८८ मध्ये नेस्लेने ती कंपनी घेतली आणि यॉर्कच्या कारखान्यात किटकॅट आजही तयार होते. तरीही ते इथून नेऊ नका, कारण भारतात ते भारतातच बनते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. टेरीचे संत्र्याच्या आकाराचे चॉकलेट १९३० च्या दशकात इथे जन्मले, पण इथला कारखाना २००५ मध्ये बंद झाला आणि आता ते फ्रान्समध्ये तयार होते. पत्नीच्या मैत्रिणींना गोष्टीसकट द्यायचे असेल तर जरूर घ्या, फक्त भेटवस्तूंच्या दुकानातून न घेता साध्या सुपरमार्केटमधून घ्या, तिथे ते बरेच स्वस्त असते. खरोखर इथे केलेले हवे असेल तर शहरातल्या छोट्या चॉकलेट कारागिरांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: हे तुम्ही इथेच बनवता का, की फक्त पाकिटात भरता? प्रामाणिक दुकानदार सरळ उत्तर देतो, त्याला राग येत नाही.

चहाचेही तसेच आहे. ‘यॉर्कशायर टी’ हा हॅरोगेट या इथल्याच परगण्यातल्या गावच्या टेलर्स कंपनीचा चहा आहे. पाने आसाम, केनिया अशा ठिकाणांहून येतात, यॉर्कशायरमध्ये चहा पिकत नाही. तरी इंग्रज माणूस रोज जो चहा पितो तो हाच, आणि काकांना तो करून पाहायला आवडेल. शोभेच्या डब्यातला नको, सुपरमार्केटमधले नारिंगी-लाल खोके घ्या. त्याच कंपनीच्या बेटीज या कॅफेबाहेर, सेंट हेलन्स स्क्वेअरमध्ये, रांग लागलेली दिसेल. हे घराणे फ्रेडरिक बेल्मॉन्ट या स्विस माणसाने १९१९ मध्ये हॅरोगेटला सुरू केले. रांग टेबलासाठी असते, नुसती खरेदी करायची असेल तर आतल्या विक्रीच्या भागाकडे जाता येते का ते दारातल्या माणसाला विचारा. तिथला ‘फॅट रास्कल’ हा जाडजूड गोड पाव बघण्यासारखा आहे: वर चेरीचे दोन डोळे आणि बदामांचे दात. तो नाशिकपर्यंत नेण्याच्या भानगडीत पडू नका, पार्लमेंट स्ट्रीटच्या बाकावर बसून तिघांनी मिळून खा. घरात अंडे चालत नसेल तर मात्र आधी घटक विचारा.

शाकाहारी नातेवाइकांसाठी घेताना पाकीट उलटून वाचण्याची सवय ठेवा. चघळण्याच्या मऊ गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते आणि भेटीच्या चॉकलेटांत कधी मद्य असते. ‘शाकाहारींसाठी योग्य’ असा शिक्का बहुतेक पाकिटांवर स्पष्ट असतो. ऑक्टोबरात इथे गारठा असतो पण मुंबई विमानतळाबाहेर उकाडा असेल, म्हणून चॉकलेट बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत गुंडाळून ठेवा आणि घरी पोहोचेपर्यंत बाहेर काढू नका.

आता जपून ठेवायच्या वस्तूकडे येते. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपल्या ३०० पौंडांपैकी सर्वांत विचाराने खर्च करायचा भाग हाच आहे. यॉर्कच्या ईशान्येला समुद्रकाठी व्हिट्बी नावाचे गाव आहे आणि तिथल्या कड्यांत जेट नावाचा काळा खडा सापडतो. खडा म्हणायचे एवढेच, मुळात ते सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दबून घट्ट झालेले लाकूड आहे. रोमन लोक यॉर्कमध्ये त्याचे दागिने घडवत आणि ते यॉर्कशायर म्युझियममध्ये पाहायला मिळतात. १८६१ मध्ये पती वारल्यावर व्हिक्टोरिया राणीने दुःखाच्या वस्त्रांसोबत जेट वापरले आणि त्याची मागणी देशभर वाढली. आज यॉर्कच्या जुन्या गल्ल्यांतल्या काही सराफांकडे नवे आणि जुने दोन्ही प्रकारचे जेट मिळते.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी आईसाठी काळ्या मण्यांची एक माळ जेट म्हणून घेतली. कुठल्या दुकानातून ते सांगण्यात अर्थ नाही. ती घरी नेल्यावर आईने हातात घेतली आणि म्हणाली, ‘हे तर आपल्या पोतीतल्या काचेच्या मण्यांसारखं गार लागतंय.’ तिचेच बरोबर होते, ती काच होती. तेव्हापासून मी पाहुण्यांना हाताची परीक्षा शिकवते. खरे जेट लाकडाचे असल्यामुळे तळव्यावर ठेवले की गार लागत नाही आणि आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावे इतके हलके असते, तर काच गार आणि जड असते. दुकानदाराला सांगून तेवढ्याच आकाराचा काचेचा मणी दुसऱ्या हातात घेतला तर फरक क्षणात कळतो. प्लॅस्टिकही हलके आणि कोमट असते, म्हणून केवळ हातावर विसंबू नका. पावतीवर ‘व्हिट्बी जेट’ असे शब्द लिहून मागा, आणि जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणखी एक गोष्ट आपल्या घरच्यांच्या दृष्टीने: या दागिन्याचा संबंध इथे शोकाशी होता आणि आपल्याकडेही भेटीत काळा रंग सर्वांना रुचत नाही. स्वतःसाठी घेणे वेगळे, पण नव्याने लग्न झालेल्या भाचीला देण्याआधी तिच्या सासरच्या रीतीचा विचार करा.

चांदी घ्यायची असेल तर भिंगाने शिक्का बघा, कोणत्याही सराफाकडे भिंग असते आणि मागितले की तो देतो. ९२५ हा आकडा शुद्धता सांगतो, त्याच्या शेजारी तपासणी केंद्राची खूण असते: शेफील्डचे गुलाबाचे फूल, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचे बिबट्याचे तोंड. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे ७.७८ ग्रॅमहून जड चांदीच्या वस्तूवर शिक्का सक्तीचा आहे. नाजूक कुड्यांवर तो नसेल तर त्याने बिचकू नका, पण जड बांगडीवर नसेल तर ती ठेवून द्या.

दागिना नको असेल तर स्टोनगेटवर जा. रोमन छावणीतला मुख्य रस्ता इथूनच जात होता, आणि मधल्या शतकांत ही छापखान्यांची आणि पुस्तकविक्रेत्यांची वस्ती होती. एका दुकानाच्या कोपऱ्यावर छापखान्याची खूण म्हणून लावलेला लहानसा लाल सैतान अजून बसलेला आहे, तो शोधताना आपल्यासोबत फिरणाऱ्या मुलालाही गंमत वाटेल. याच रस्त्यावर एका जुन्या घरात अनेक विक्रेत्यांची काचेची कपाटे मांडलेले जुन्या वस्तूंचे केंद्र आहे: चमचे, कप-बश्या, रेल्वेच्या वस्तू, जुने नकाशे. घरासाठी मला नकाशा सर्वांत आवडतो. जॉन स्पीडच्या १६११ च्या नकाशासंग्रहातील यॉर्कशायरच्या पानांच्या आधुनिक छापील प्रती परवडणाऱ्या किमतीत मिळतात, नळकांड्यात गुंडाळल्या की वजन नगण्य असते आणि चौकट नाशिकला करून घेता येते. मूळ प्रत आणि नवी छपाई यांच्या किमतींत फार मोठे अंतर असते, म्हणून विकत घेताना हे नेमके काय आहे ते विचारून पावतीवर लिहून घ्या. दुकानांत घासाघीस चालत नाही. जुन्या वस्तूंच्या केंद्रात मात्र किमतीत काही कमी होऊ शकेल का असे सौजन्याने एकदा विचारायला हरकत नसते. एकदाच विचारावे, आणि नकार आला तर विषय सोडावा.

मुलाच्या कोटासाठी जुन्या शहरातल्या देखण्या दुकानांत वेळ घालवू नका. माझी पहिली पसंती गुड्रमगेटला आहे. तिथे सेवाभावी संस्थांची, लोकांनी दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकणारी दुकाने जवळजवळ आहेत. आपल्यापैकी अनेकांना वापरलेला कपडा घ्यायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. इथे तो कमीपणा मानत नाहीत, प्राध्यापकही तिथून घेतात आणि उत्पन्न संस्थेच्या कामाला जाते. जाड लोकरीचा, एका हिवाळ्यापुरता वापरलेला कोट तिथे नव्याच्या किमतीच्या लहानशा भागात मिळू शकतो. पण ‘मिळू शकतो’ असेच म्हणेन, कारण त्या दिवशी मुलाच्या मापाचा असेलच असे नाही. नवाच हवा असेल तर शहराच्या दक्षिणेला फुलफर्डजवळ नामांकित कंपन्यांचा सवलतीचा माल विकणारे मोठे बंदिस्त केंद्र आहे आणि शहरातून तिथे बस जाते. तिथे सगळे एका छताखाली आणि सपाट जमिनीवर असल्यामुळे गुडघ्यांनाही ते सोयीचे पडेल. फारच मोठी निवड हवी असेल तर लीड्स रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे, पण दोन दिवसांतला अर्धा दिवस त्यात जाईल आणि मुलगा ते नंतर स्वतः करू शकतो.

पैशांबाबत एक गैरसमज दूर करते, कारण जुन्या प्रवासवर्णनांमुळे तो टिकून आहे. दुकानातल्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि पूर्वी पर्यटकांना विमानतळावर तो परत मिळत असे. इंग्लंडमध्ये ही सोय २०२० च्या अखेरीस बंद झाली. कोणी ‘कर परत मिळेल’ या भरवशावर महाग वस्तू घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका. दुकानदाराने वस्तू थेट भारतातल्या पत्त्यावर पाठवली तर व्हॅट वगळता येतो, पण मग टपालखर्च आणि आपल्याकडचे सीमाशुल्क पडते, त्यामुळे लहान वस्तूंत काही वाचत नाही. पुस्तके आणि लहान मुलांचे कपडे यांवर मुळातच व्हॅट नसतो, म्हणून नातवंडांसाठी या दोन गोष्टी परवडतात. कार्ड वापरताना यंत्राने ‘रुपयांत की पौंडांत’ असे विचारले तर नेहमी पौंड निवडा, रुपयांचा दर जवळजवळ नेहमी वाईट असतो. पिशवी घरून आणा, इथे दुकानात ती विकत घ्यावी लागते. आणि नाजूक वस्तू काऊंटरवरच उघडून तपासा. सदोष वस्तूचे पैसे ३० दिवसांत परत मागण्याचा हक्क कायद्याने आहे, पण नाशिकहून तो बजावणे अवघड. केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधन दुकानावर नाही, काही दुकाने स्वखुशीने घेतात.

आपल्या दोन दिवसांची आखणी मी अशी करीन. शनिवारी सकाळी नऊला शॅम्बल्स फक्त बघायचे, मग मार्केटमधून गुड्रमगेटला जाऊन मुलाच्या अंगावर कोट चढवून पाहायचा, आणि दुपारपर्यंत मनासारखा सापडला नाही तर बसने फुलफर्डला जायचे. परत येताना सुपरमार्केटमधून चहा आणि चॉकलेट घ्यायचे. ही खरेदी जड असल्यामुळे ती थेट मुक्कामी न्यायची, घेऊन फिरायचे नाही. रविवारी सकाळी सौभाग्यवतींना घेऊन फक्त स्टोनगेट आणि तिच्या आजूबाजूचे सराफ, हातात दुसरी एकही पिशवी नसताना. आदल्या दिवशी पसंत पडलेली वस्तू रात्र उलटल्यावरही हवीशी वाटली तरच घ्यावी, अशी माझी स्वतःची पद्धत आहे. नातवंडांसाठी वेळ उरला तर नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनच्या मागेच आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि तिथल्या दुकानात लहानांच्या वस्तू चांगल्या असतात.

भेटींची यादी कळवताना कोण शाकाहारी आहे आणि कोणाकडे लहान मुले आहेत तेवढे लिहिलेत, तर वीस जणांची वाटणी मी रकमेसकट सुचवू शकेन. कोटासाठी मुलाच्या खांद्याचे आणि बाहीचे माप आजच मागवून ठेवा, आणि तो आत जाड स्वेटर घालणार आहे हे धरून माप थोडे सैल घ्या.